ओवाळणीत आलेली कंपनी

आपण एका कंपनीच्या मालक आहोत हे श्यामला आगाशे यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. तेव्हा त्या शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. बातमी फोनवरून आली. देणारा त्यांचा थोरला भाऊ होता आणि त्याचा आवाज अभिनंदनाचा नव्हता.

"श्यामे, तुझ्याकडे आमचे शेअर किती आहेत?"

"माझ्याकडे आहेत म्हणजे माझेच ना, दादा?"

"किती आहेत ते सांग."

"कपाटात आहेत. मोजले नाहीत कधी. ओवाळणी काय मोजतात?"

"मोजायला हवी होती. निम्म्याहून जास्त आहेत," दिगंबर घैसास म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ही गोष्ट २००३ सालची. दोघेही भाऊ आता हयात नाहीत, म्हणूनच श्यामलाबाई ती सांगायला तयार झाल्या.

उष्मा इन्स्ट्रुमेंट्स प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी धायरीला पत्र्याच्या दोन शेडमध्ये होती. दूध डेअऱ्या, साखर कारखाने आणि रंगाच्या भट्ट्या यांना लागणारे थर्मामीटर तिथे बनत. दिगंबर आणि श्रीधर या दोन भावांनी ती १९६८ मध्ये काढली. एकूण हजार शेअर, प्रत्येकाचे पाचशे. दिगंबर ऑर्डरी, वसुली आणि सरकारी कचेऱ्या सांभाळत. श्रीधर काचेची नळी हातात आल्यापासून तयार माल खोक्यात जाईपर्यंतचं सगळं पाहत. श्यामला या दोघांच्या मधली. लग्न होऊन शनिवार पेठेत आली, मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागली.

कंपनीच्या दुसऱ्या दिवाळीला भावांनी कामगारांना बोनस दिला आणि स्वतःसाठी काही उरलं नाही. भाऊबीजेला बहिणीच्या तबकात चिल्लर टाकणं दिगंबरना लाजिरवाणं वाटलं. त्यांनी स्वतःच्या दहा शेअरचं सर्टिफिकेट घडी घालून तबकात ठेवलं. श्रीधर म्हणाला, "दादाने दहा घातले तर मी काय बिनकामाचा भाऊ आहे?" त्यानेही दहा घातले. श्यामलाबाईंचे यजमान बँकेत होते. त्यांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याचा लाडू येतो का?"

पुढच्या वर्षीही हात आखडलेलाच होता, म्हणून पुन्हा दहा-दहा. मग ती पद्धतच पडली.

दुसऱ्या एखाद्या घरात हे कागद तबकातून कपाटात गेले असते आणि कायद्याने भावांचेच राहिले असते. घैसासांच्या घरी ते शक्य नव्हतं. दिलेली वस्तू रीतसर नावावर केली नाही तर ती दिली असं तिथे कुणी मानत नसे. दिवाळीची सुट्टी संपली की ट्रान्स्फरचे फॉर्म, त्यावर स्टॅम्प, बहिणीची सही, कंपनीच्या रजिस्टरात नोंद, सगळं व्हायचं. आणि दिलेल्या ओवाळणीची बेरीज करणं त्याच घरात असभ्यपणाचं होतं. हे दोन्ही नियम सव्वीस वर्षं निमूटपणे शेजारी शेजारी नांदले.

एक्याण्णवनंतर बाजार मोकळा झाला. नव्या खासगी डेअऱ्या उभ्या राहिल्या, केनियातून ऑर्डर आली, उष्माच्या खात्यात प्रथमच शिल्लक दिसू लागली. पंचाण्णवच्या भाऊबीजेला भावांनी तबकात शेअर ठेवले नाहीत. नोटांची पाकिटं ठेवली. म्हणजे शेअरला किंमत नव्हती तोवर शेअर दिले आणि किंमत आल्यावर ते द्यायचं थांबवलं. यात कुणाचा काही हिशेब नव्हता. नोटा देता येतात याचाच दोघांना आनंद होता.

मग एक जर्मन कंपनी आली. तिला डिजिटल तापमापकांसाठी उष्माची गिऱ्हाइकं आणि धायरीची जागा हवी होती. निम्म्याहून जास्त शेअर मिळाले तर आत्ता व्यवहार करू, उरलेले सवडीने घेऊ, असं तिचं म्हणणं होतं. दिगंबर विकायला तयार होते, श्रीधर नव्हता. बहिणीकडचे किरकोळ सोडले तर कंपनी निम्मी-निम्मी आहे अशी दोघांची समजूत, त्यामुळे आठ महिने नुसती ओढाताण चालली होती. शेवटी जर्मनांनी भागधारकांची यादी मागितली. कंपनीचे सी.ए. सहस्रबुद्धे यांनी ती वाचून दाखवली. दिगंबर घैसास, दोनशे चाळीस. श्रीधर घैसास, दोनशे चाळीस. श्यामला आगाशे, पाचशे वीस.

दिगंबरनी यादी हातात घेऊन स्वतः वाचली.

"हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत," दिगंबर म्हणाले.

"दरवर्षी रिटर्नवर तुम्ही दोघं सही करता," सहस्रबुद्धे म्हणाले. "वाचून करत असाल, असा माझा समज."

श्यामलाबाईंची एकुलती एक, उशिरा झालेली मुलगी स्पृहा तेव्हा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून ती घरी आली. मेथी अजून तशीच पडली होती. आईने जे कळलं ते सांगितलं.

"बावन्न टक्के?" स्पृहा बॅग खाली ठेवायची विसरली. "आई, यू आर द बॉस! तू मीटिंग बोलावून दोन्ही मामांना फायर करू शकतेस. लिटरली."

"आणि मग दिवाळीला जेवायला कुठे जाऊ?"

श्यामलाबाईंची अडचण खरोखर तेवढीच होती. आई-वडील जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. माहेर म्हणजे सहकारनगरचं घर. तिथे दिगंबर, त्यांच्या पत्नी शैलावहिनी आणि लग्न न केलेला श्रीधर एकत्र राहत. गेले आठ महिने दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि एका वेळी जेवायला बसायला तयार नव्हते. मी दोनदा पानं वाढायची नाही, ज्याला वेगळं जेवायचंय त्याने डबा लावावा, असं शैलावहिनींनी जाहीर केलं होतं. त्यामुळे दोघे समोरासमोर बसून आमटी मागायची ती वहिनींकडे मागत. आता श्यामलाबाईंनी कुठल्याही बाजूने मत दिलं असतं तरी त्या घरातला एक भाऊ जाणार होता.

आधी श्रीधर आला. येताना चितळ्यांकडून आंबा बर्फी घेऊन आला. खुर्चीत मागे टेकून त्याने पाय पसरले. कित्येक महिन्यांत तो इतका निवांत दिसला नव्हता.

"तुझ्याकडे आहेत हे उत्तम झालं, ताई. माझी काळजी मिटली."

"मी अजून काही ठरवलं नाही, श्री."

"ठरवायचं काय त्यात? दादाला म्हातारचळ लागलाय. पस्तीस वर्षांत आपला एक थर्मामीटर चुकला म्हणून परत आला नाही. एक! अशी कंपनी विकतात?" जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "तू आहेस तोवर मला चिंता नाही."

दिगंबर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी काहीच आणलं नव्हतं.

"विकायच्या बाजूने मत दे."

"का पण?"

"वेळ झाली म्हणून."

"श्रीचं कसं होईल? त्याला दुसरं आहे काय?"

"म्हणूनच सांगतोय," दिगंबर म्हणाले. याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही. चहाही अर्धा ठेवला.

श्यामलाबाईंनी शाळेत शेवटची बरीच वर्षं वेळापत्रक लावलं होतं. एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या बायकांना एका शिक्षकखोलीत कसं बसवायचं याचा त्यांना अनुभव होता. कुणाचंही ऐकून वेळापत्रक लावायचं नाही, आधी वर्गाबाहेर उभं राहून बघायचं, ही त्यांची रीत. सोमवारी डबा घेऊन त्या पीएमटीच्या बसने धायरीला गेल्या.

"तू कशाला आलीस?" दिगंबरनी विचारलं.

"माझी आहे म्हणतात. बघून जाते."

त्या रोज जाऊ लागल्या. पॅकिंगच्या टेबलाशी कचरू नावाचा जुना माणूस असे, त्याच्या शेजारी त्यांना स्टूल मिळालं. कचरू धायरीचाच. "बाई, तुमी हितं बसा, तिकडं काच उडती," एवढं बोलून तो पुन्हा भुसा भरायला लागे. समोर श्रीधर तेलाच्या तापत्या हौदाशी बसायचा. तयार थर्मामीटर मूळ प्रमाण थर्मामीटरशेजारी बुडवायचा, भिंगातून पारा कुठे थांबला ते पाहायचा आणि जुळला की चिठ्ठीवर 'श्री' लिहून ती नळीला बांधायचा. ही शेवटची तपासणी त्याने आयुष्यात दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती. त्या चिठ्ठीसाठी गिऱ्हाइकं दोन पैसे जास्त मोजत.

दीड वाजता श्रीधर डबा खायचा आणि मालाच्या खोलीत खाटेवर तासभर डाव्या कुशीवर झोपायचा. वामकुक्षी त्याने कधी चुकवली नव्हती. "धाकटे सायेब आडवे झाले का गिरायंडर बी बंद ठेवायचा," असं कचरूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

श्यामलाबाईंना पाहायचं होतं ते त्याच तासात दिसलं. श्रीधरच्या खोलीचं दार लागलं की दिगंबर ऑफिसातून उठून यायचे. कचरू न सांगता आदल्या दुपारपासून भरलेली खोकी उघडायचा. दिगंबर कोट काढून श्रीधरच्या जागेवर, त्याच हौदाशी बसायचे आणि श्रीधरने पास केलेला एकेक थर्मामीटर पुन्हा तपासायचे. चुकलेले बाजूला ठेवायचे. चुकलेल्या नळ्यांच्या गळ्यातली 'श्री'ची चिठ्ठी कचरू सोडवायचा आणि दिगंबरनी स्वतः जुळवून ठेवलेल्या दुसऱ्या थर्मामीटरला बांधायचा. चिठ्ठी तीच राहायची, थर्मामीटर बदलायचा. श्रीधर उठून तोंड धुऊन येईपर्यंत खोकी पुन्हा बंद झालेली असत.

पहिले दोन दिवस श्यामलाबाईंनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिगंबरना शेडमागे पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं होतील." दिगंबर टाकीच्या कठड्यावर बसले. "एका डेअरीने दोन नग परत पाठवले. नशीब, टपाल मी उघडलं. त्यातला एक दोन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे दूध पुरतं तापलंय असं वाटलं असतं आणि ते तापलेलं नसतं. लहान मुलं पितात ते दूध, श्यामे."

"श्रीचे डोळे?"

"जाताहेत. त्याला वाटतं हल्ली काच धुरकट येते. काचवाल्याशी भांडून आला दोनदा."

"मग सांग ना त्याला. डॉक्टरकडे ने."

"सांगून पाहा. चष्मा बदलून आला आणि म्हणाला, आता पूर्वीपेक्षा छान दिसतं." दिगंबरनी टाकीचा ठिबकता नळ बंद केला. "आयुष्यभर तो एकच गोष्ट करत आला. बघायचं आणि सही करायची. काय सांगू त्याला, की तुझी सही खोटी निघतेय? कंपनी विकली गेली तर तो निवृत्त होईल. मी उठवलं तर तो उठवलेला असेल. मला एकाहत्तरावं चालू आहे, दुपारी माझेही हात कापतात. मी पडलो तर त्या हौदाशी कोण बसणार?"

"अरे, पण तो तुला शत्रू समजतोय."

"समजू दे. त्याच्या कानावर एक शब्द गेला, तर तू माझी बहीण नाहीस."

घरी जाताना बसमध्ये श्यामलाबाईंना कळून चुकलं की विकण्याला दुसरा मार्ग नाही. श्रीधरला 'का' याचं उत्तर मात्र द्यावं लागणार होतं, आणि खरं उत्तर देता येत नव्हतं. खरं सांगितलं तर त्याची पस्तीस वर्षं जाणार, नाही सांगितलं तर त्याची ताई जाणार.

सभा शनिवारी सकाळी कंपनीच्या ऑफिसात झाली. तीन भागधारक, सहस्रबुद्धे आणि चहा. श्रीधर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो बहिणीशेजारी बसला. दिगंबर समोर बसले.

सहस्रबुद्धेंनी ठराव वाचला. श्यामलाबाई म्हणाल्या, "आधी त्यात एक ओळ घाला. आज कामावर असलेला एकही कामगार काढायचा नाही. हे मान्य नसेल तर माझे शेअर मिळणार नाहीत, असं त्यांना कळवा."

सहस्रबुद्धेंनी लिहून घेतलं.

"याचा अर्थ?" श्रीधर वळून बघू लागला.

"मी विकायच्या बाजूने आहे, श्री."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "दादाने काय भरवलं तुला?"

"दादाचा काही संबंध नाही."

"मग का? मला कारण हवं. पस्तीस वर्षांत माझी एक चूक दाखव, आत्ता उठून जातो." तो उभा राहिला. "आहे एखादी? बोल ना, ताई!"

दिगंबर टेबलाकडे बघत होते. श्यामलाबाईंनी कपातला शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला.

"मला पैसे हवेत," त्या म्हणाल्या.

श्यामलाबाईंनी आयुष्यात कुणाकडे पैसे मागितले नव्हते. यजमान गेले तेव्हाही नाही. श्रीधरला हे पक्कं ठाऊक होतं. तो उभाच राहिला, पण त्याचा आवाज उतरला.

"कशासाठी?"

"हवेत."

"स्पृहाचं काही आहे का?"

त्या रिकाम्या कपाकडे बघत राहिल्या.

"किती दिवस झाले?"

"झाले बरेच."

"आणि मी इथे आठ महिने अडवून बसलोय." श्रीधर खाली बसला. कपाळ चोळलं. मग थोरल्या भावाकडे वळून आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलला. "तुला माहीत होतं?"

दिगंबरनी होकारार्थी मान हलवली. त्यांच्या बाजूने ते खोटंही नव्हतं.

"मग तोंड उघडता येत नव्हतं? म्हणे वेळ झाली! ताईला अडचण आहे म्हणालास असतास तर त्याच दिवशी मिटलं असतं." त्याने सहस्रबुद्धेंकडे पाहिलं. "लिहा. एकमताने मंजूर."

"आपला विरोध नोंदवायचा नाही?"

"माझ्या बहिणीला पैसे हवेत, सहस्रबुद्धे. त्यात विरोध काय नोंदवता?"

त्या रविवारी सहकारनगरला आमटी एकाने दुसऱ्याला वाढली. शैलावहिनींनी हे फोन करून कळवलं.

स्पृहाला मात्र मामाकडून चांगलीच बोलणी बसली. आईला अडचणीत घातलंस ते मला सांगायला काय धाड भरली होती, पगार मिळतो तो काय चाटायचाय, इथपासून सुरुवात झाली. आईने आधी सगळं सांगून ठेवलं होतं, म्हणून ती नुसती "सॉरी, मामा" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर आईवर उखडली. "माझं नाव पार घालवलंस तू. त्याला वाटतंय मी क्रेडिट कार्डवर उधळपट्टी केली."

"तुझं वय आहे. भरून निघेल," श्यामलाबाई म्हणाल्या.

व्यवहार पुरा होऊन श्रीधर निवृत्त झाला तेव्हा नव्या मालकांनी धायरीत समारंभ केला. त्याने भाषण केलं, थोडं लांबलंच. त्यानंतर दर मंगळवारी तो शनिवार पेठेत यायला लागला. बहिणीची अडचण खरंच निभावली की नाही हे त्याला बघायचं असे. येताना मंडईतून भाजी आणायचा. ताईने ती किंमत विचारून घ्यायची आणि महाग पडली म्हणून त्याला बोलायचं, असं ठरूनच गेलं.

वर्षभराने श्यामलाबाईंनी स्वतःचे डोळे दाखवायचं निमित्त काढलं आणि सोबतीला श्रीधरला नेलं. दिगंबरही निघाले. आलाच आहात तर तुमचेही बघू, असं डॉक्टरांनी आधी ठरल्याप्रमाणे म्हटलं. श्रीधरच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता, खूप पुढे गेलेला. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती. उरलेली थेंबांवर टिकवता येणार होती.

औषध मिळेपर्यंत तिघं बाहेर बाकावर बसली. श्रीधर गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "वेळेवर विकली आपण. डॉक्टर म्हणतो हे जुनं आहे. अजून वर्षभर मी तिथे बसलो असतो, तर एखादा तरी चुकीचा गेला असता माझ्या हातून."

"गेला का?"

"नाही. तसा एकही नाही गेला."

"मग झालं तर," दिगंबर म्हणाले.

श्यामलाबाई दोघांच्या मधे बसल्या होत्या. तपासणीसाठी त्यांच्याही डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे डोळे का वाहताहेत असं त्यांना कुणी विचारलं नाही.